आधी पाठ दाखवा

पेंढारबाई कुठल्याही घरी आजारी माणूस बघायला गेल्या की आधी त्याची पाठ बघायच्या, तोंड नंतर. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा बायकोने रीतीप्रमाणे पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईंनी तो हातानेच मागे सारला. "पाणी मागून. आधी पाठ दाखवा," म्हणाल्या. मला वाटलं, अरे वा, ही तर पहिल्या दिवसापासून फौजदारकी! पण त्या सरळ बाबूजींच्या खोलीत शिरल्या. एक हात खांद्याला, एक कमरेला लावून त्यांनी बाबूजींना असं अलगद कुशीवर घेतलं की बाबूजी कण्हलेसुद्धा नाहीत. पाठ वरपासून खालपर्यंत बोटांनी चाचपली. कमरेच्या खाली एका जागी थांबल्या. "हितं लाल झालंय. दवाखान्यात कुणी कूस बदलली नाय यांची. चार-आठ दिसांत घालवते." मग बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हां, आता द्या पाणी."

आमचं नारायणगावच्या पेठेत कापडाचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, बाबूजी इथेच जन्मले आणि मी तर मारवाडी बोलायला लागलो की नातेवाईक हसतात. दुकान पुढे, घर मागे आणि वर. बाबूजींना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात-पाय गेला, वाचा गेली, तेव्हा त्यांची खाट दुकानामागच्या खोलीत टाकली. गिऱ्हाइकांचा आवाज कानावर पडला तर बरं वाटेल, एवढाच विचार. त्यांना बघायला बाई हवी होती. गिऱ्हाइकांपैकीच कोणीतरी पिंपरी पेंढारच्या या बाईंचं नाव सुचवलं. नाव त्यांचंही होतं, पण आमच्याकडे त्या कायम पेंढारबाईच राहिल्या. सासू नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिच्या उशाशी बसून त्या हे काम शिकल्या. कुठलं सर्टिफिकेट विचारलं तर म्हणायच्या, "सासूबाई. नऊ वरसांचा कोर्स."

त्यांचा एक नियम होता. हातात घेतलेलं माणूस मध्येच सोडायचं नाही. बरं होईस्तोवर, नाहीतर जाईस्तोवर. आमच्याआधी त्यांनी तिघांचं केलं होतं. "तिघं पोचवली," असं त्या सांगायच्या, एसटीच्या कंडक्टरने सांगावं तसं. दिवाळीत पोरीकडे जायचं असलं तरी आधी सगळं मार्गी लावून, एक दिवस. आठवड्याची सुट्टी सोमवारची. सोमवारी सकाळी एक कापडी पिशवी घेऊन गावी जायच्या आणि मंगळवारी पहिल्या गाडीने हजर. बाबूजी मंगळवारी सकाळी डोळे दारावर लावूनच असायचे. घरी गेल्या की लसणाची चटणी, कांदा सगळं खाऊन यायच्या आणि आळेफाट्यावर गाडी बदलताना मूठभर बडीशेप चावायच्या. "शेठांच्या नाकाला कळतंय हो लगेच," म्हणायच्या. आमचं घर जैन, सूर्यास्ताच्या आत जेवण, नंतर पाणीसुद्धा नाही. बाईंनी हे न सांगता उचललं. उन्हं भिंतीवरून उतरायला लागली की त्यांची घाई सुरू. "शेठ, दिवस टेकला. दोन घोट घ्या. नायतर तुमचा देव मला वरडायचा."

आमच्याकडच्या चार वर्षांत बाबूजींचं अंग म्हणजे त्यांना पाठ झालेलं गाव होतं. बाबूजी एकदा खाकरले की पाणी, दोनदा खाकरले की भांडं. डाव्या हाताची करंगळी हलली की पाय अवघडलाय. चादरीला एक सुरकुती चालायची नाही. "तुमाआमाला सुरकुती, यांना काटा," असं म्हणून चादर चारही बाजूंनी ताणायच्या. मी पुण्याहून हवेची गादी आणली तर म्हणाल्या, "आणलीत, बरं केलं. पण गादी काय बोलती का त्यांच्याशी?"

आता कापडाचं सांगतो. सगळं तिथेच घडलं आणि माझ्या हातून बिघडलंही तिथेच.

डॉक्टरांनी व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, उजव्या हाताने दाबायला. बाबूजींनी तो डाव्या हाताने उचलून भिरकावला. पुन्हा दिला, पुन्हा भिरकावला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा व्यापारी, त्याच्या हातात चेंडू! पेंढारबाई दोन दिवस नुसत्या बघत राहिल्या. बाबूजींची बोटं खिडकीच्या पडद्याचं टोक चाचपत असायची, पोत बघत, हे त्यांनी हेरलं. तिसऱ्या दिवशी दुकानात आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, एक तागा द्या. आणि तो लोखंडी मीटर द्या." मी विचारलं कशाला, तर उत्तर न देता तागा काखेत मारून गेल्या.

मागून आवाज आला, "शेठ, झंपराचं कापड दावा. मीटरभर फाडा."

मी पडदा सारून पाहिलं. बाबूजींच्या पुढ्यात पाट, पाटावर तागा. बाई समोर गिऱ्हाईक होऊन बसलेल्या, पदर खोचून. बाबूजींनी त्यांच्याकडे पाहिलं, ताग्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून कापडावर ठेवला. एक मीटर कापड ओढायला त्या दिवशी अर्धा तास लागला. घाम फुटला. बाई जागच्या हलल्या नाहीत आणि मदतीला हातही लावला नाही.

रोज सकाळी हाच बाजार. कधी अस्तर, कधी परकराचं कापड, कधी पोरीच्या सासूला लुगडं. माप पुरतं भरलेलं असलं तरी बाई म्हणायच्या, "शेठ, कमी भरतंय. चार बोटं मारलीत!" मापात खोट काढलेली बाबूजींना आयुष्यात कधी सहन झाली नव्हती. ते लालबुंद व्हायचे आणि हात आणखी चार बोटं पुढे ताणायचे. बाईंना तेच हवं असायचं. पडद्याआडून मी हसायचो.

कापड मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही पेठेतली जुनी रीत. लाभ, दोन, तीन असं मोजायचं. झटक्यानंतर सात महिन्यांनी, एका सकाळी, मी गल्ल्यावर असताना मागून घोगरा आवाज आला. "लाभ." मी समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून आत धावलो. बाबूजी मीटरवर कापड ताणून धरून बसले होते आणि बाई डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, "पुढं, शेठ, पुढं. मला पाच मीटर लागतंय." त्या दिवशी ते "दोन"पर्यंत गेले. वर्षभराने पाच मीटर मोजायचे, मोठ्याने. चार-सहा शब्द आले. बाई, पाणी, ये, नको, मंगळवार. एवढ्यावर आमचं घर नीट चाललं होतं.

आणि मग चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला सगळे जमले.

माझी भुवाजी, म्हणजे बाबूजींची धाकटी बहीण, आणि तिचा मुलगा पुण्याहून न कळवता थेट बाबूजींना भेटायला आले. सकाळची वेळ. मी त्यांना घेऊन मागे गेलो. बाबूजी बनियनवर, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, कपाळावर घाम, थरथरत्या हाताने कापड ओढतायत. आणि पेंढारबाई मांडी घालून समोर बसून ठसक्यात म्हणतायत, "एवढंच? शेठ, फसवता व्हय गरिबाला?"

भुवाजी दारातच रडायला लागली. "माझ्या भावाला या वयात कापड मोजायला लावता? एका बाईपुढे? आणि ती त्यांना फसवे म्हणते? दुकानातले नोकर मेले का सगळे?" मागून आणखी पाहुणे आले. दारात ही गर्दी. भुवाजीचा मुलगा गंभीरपणे म्हणाला, "दादा, आजकाल नर्सिंग ब्युरो असतात. ट्रेनिंग घेतलेल्या मुली, युनिफॉर्म, पाळ्या, रोजचा रिपोर्ट फोनवर. तुला परवडत नाही असं थोडंच आहे."

मला एका वाक्यात सांगता आलं असतं. हा व्यायाम आहे, यानेच त्यांचा हात परत आला, वाचा परत आली. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही, मी आता हे सांगेन म्हणून. माझी बायको डोळ्यांनी खुणावत होती. आणि मी काय केलं? मी लाजलो. समाजातल्या चार माणसांपुढे बापाची लाळ दिसली म्हणून लाजलो. तागा गुंडाळून उचलला आणि म्हणालो, "अहो, ते असंच... त्या करतात आपलं काहीतरी." ते शब्द आजही आठवले की जीभ उपटून टाकावीशी वाटते.

पंधरा दिवसांत मी ब्युरोशी बोलणं केलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या बाबूजींची धोतरं वाळत घालत होत्या. मी बरंच काही बोललो, नातेवाईक म्हणतात, आता वय झालं, तुम्हालाही विश्रांती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेठांना म्हाईत हाय का?"

"सांगतो नंतर. सावकाश."

"भाऊ, माझ्या हातनं काय चुकलं का?"

"छे छे, तसं नाही."

"मी आजवर माणूस मधी सोडलं नाय," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं आठवण करून दिल्यासारखं.

सोमवारी त्या गेल्या. सोमवारच निवडला, बाबूजींना कळू नये म्हणून. पत्र्याची पेटी मागे ठेवली, ती मी नंतर दुकानाच्या टेम्पोतून पाठवली. नेहमीची कापडी पिशवी तेवढी घेतली. निघण्याआधी मला खोलीत बोलावलं, बाबूजींना कुशीवर घेतलं आणि बंडी वर केली. "बघा, भाऊ. नीट बघा. चार वरसं झाली. नितळ हाय का नाय?" पाठ खरोखर लहान बाळासारखी नितळ होती. "अशीच ठेवा. लई काय करायचं नाय. फकस्त एकाच हातात असू द्या." मग त्या एकेक गोष्ट सांगायला लागल्या, एकदा खाकरलं तर काय, दोनदा खाकरलं तर काय, करंगळी, पायाखालची उशी. दुकानातून मला हाका येत होत्या. मी निम्मं ऐकलं, हो हो म्हटलं आणि पुढे गेलो.

पडद्याआडून बाबूजींचा आवाज ऐकू आला. "बाई. मंगळवार. ये."

"येते हं, शेठ," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून माझ्यामुळे निघालेलं ते खोटं.

ब्युरोच्या मुली वाईट नव्हत्या, हे आधी सांगून टाकतो. निळा युनिफॉर्म, स्वच्छ हात, गोड बोलणं. पण पंधरा दिवस झाले की बदली. एकीला बाबूजींची करंगळी कळेपर्यंत दुसरी यायची आणि मला विचारायची, "सर, पेशंटला बोलता येतं का?" मला काय सांगायचं ते आठवायचं नाही, कारण मी ऐकलंच नव्हतं. पारनेरकडची एक मुलगी फार मायाळू होती. तिला बाबूजींचं खाकरणं उमगायला लागलं होतं, तेवढ्यात तिला दुसरीकडे पाठवलं. आमच्या भिंतीवर एक तक्ता होता. औषध, जेवण, कूस बदलली, सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा. तो तक्ता मी रोज फोनवर भुवाजीच्या मुलाला पाठवायचो. तो अंगठा दाखवायचा.

पहिल्या मंगळवारी बाबूजींनी दुपारपर्यंत दार पाहिलं. मग मला विचारलं, "मंगळवार?" मी म्हटलं, "नाही, बाबूजी, उद्या." दुसऱ्या मंगळवारीही हेच. खाटेच्या पायथ्याशी तागा पडलेला असायचा, ते त्याच्याकडे बोट करायचे. कोण समोर बसणार? लग्नसराईत गर्दी होती, तो पोत कोणीतरी मागितला आणि मी तो तागा पुढे नेऊन विकला. असा मी मुलगा. महिन्या-दीड महिन्यात हात पुन्हा आखडला, बोटं तळव्यात मिटली. "लाभ" गेलं. "पाणी" गेलं. "मंगळवार" तेवढं बरेच दिवस टिकलं.

डॉक्टर नेहमीच्या तपासणीला आले आणि त्यांनी कूस वळवली, तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. आतून खोल. तक्त्यात सगळ्या खुणा भरलेल्या. बायको तक्ता फाडून चुलीत घालायला निघाली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या पोरींना कशाला बोलू? भुवाजींसमोर तुम्ही तोंड उघडलं असतं तर ही वेळ आली असती का?" ती आयुष्यात माझ्याशी अशी बोलली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी पिंपरी पेंढारला गेलो. बाई तिथे नव्हत्या, आळे गावात एका म्हाताऱ्या आजींकडे कामाला होत्या. तिथे गेलो. पडवीत उन्हाला आजींना बसवून त्या त्यांची वेणी घालत होत्या. मला पाहिलं आणि कंगवा हातातच राहिला. "शेठ बरे हायत ना?"

"आठवण काढतात," मी म्हणालो. "परत या, बाई. माझं चुकलं."

त्या पुन्हा आजींच्या केसांतून बोटं फिरवायला लागल्या. "या आजींना कुणाच्या गळ्यात घालू? एकदा तुमच्यापायी मोडलं माझं. आता मी होऊन मोडू व्हय?" मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पण सोमवारी मोकळी असते की मी! येते ना सोमवारी. शेठांना बघते, जरा कापड मोजून घेते, सांजच्या गाडीनं माघारी. दर सोमवारी येत जाईन. तुमी काळजी नका करू."

इथे मी काय बोललो ते लिहायला हात होत नाही, पण लिहायचं ठरवूनच बसलोय. त्या आल्या असत्या तर आधी पाठ बघितली असती. पाण्याआधी. ती जखम त्यांच्या बोटांना लागली असती. त्या क्षणी मला बापाचं सुख दिसलं नाही. मला फक्त माझं तोंड दिसलं, त्यांच्यासमोर खाली घातलेलं. मी म्हणालो, "नको, बाई. तुमच्या सुट्टीचा दिवस. उगाच दगदग. गरज लागली की मी कळवतो."

"बरं," त्या म्हणाल्या. "कळवा हं, भाऊ. मी वाट बघते."

मी कळवलं नाही. जखम जरा भरू दे, मग बोलावू, असं दर आठवड्याला ठरवत राहिलो. ब्युरो बंद केला, मी आणि बायको आळीपाळीने कूस बदलायला लागलो, चादर ताणायला शिकलो. जखम भरली नाही. सोमवार येत होते, जात होते आणि आळ्यापासून आमचं गाव असं किती लांब! दोन महिन्यांनी, मंगळवारी नाही, अशाच एका गुरुवारी, दुपारी बाबूजी गेले. बाईंना दिसले नाहीत ते नाहीतच.

तिसऱ्या दिवशी उठावणा झाला, म्हणजे सांत्वनाची बैठक. दुकानापुढे मांडव, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. भुवाजी सगळ्यांना सांगत होती, "आजकाल कोण करतं हो बापाचं एवढं? शेवटपर्यंत ट्रेनिंग घेतलेली माणसं ठेवली होती." लोक माझ्या पाठीवर हात ठेवून जात होते. मी मान हलवत होतो.

गर्दी ओसरल्यावर पेंढारबाई आल्या. कोणाकडून कळलं देव जाणे. त्या कोणाकडे न बघता थेट मागच्या खोलीत गेल्या. खाट आम्ही काढली होती, नुसती फरशी. तिथे जरा उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. रडल्या नव्हत्या. कळवलं का नाही, हेसुद्धा विचारलं नाही. बायकोने आणलेला पाण्याचा ग्लास त्यांनी हातानेच मागे सारला.

"भाऊ, एवढं एकच सांगा. पाठ कशी व्हती?"

बायको माझ्याकडे पाहत होती. खरं सांगायची तेवढी एकच वेळ उरली होती. ऐकून त्या रडल्या असत्या, मला चार शब्द सुनावले असते आणि ते माझ्या हक्काचे होते.

"नितळ होती," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग खांद्यावरून काहीतरी उतरवल्यासारख्या त्या उंबऱ्यावर बसल्या.

"मग झालं," म्हणाल्या. "लई घोर व्हता जिवाला. द्या आता पाणी."

बायको हलली नाही. मीच ग्लास पुढे केला. माझ्या शब्दावर विसंबून, उंबऱ्यावर बसून, त्या ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.